खुलासा: योसेफाने सगळं पीक कोठारात भरलं नव्हतं

गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'बायबलप्रमाणे योसेफाने सुकाळात सगळं धान्य दडवलं, आता सात वर्षं दुष्काळ आहे, सोयाबीन, तूर काहीच विकू नका.' हे चुकीचं आहे. योसेफ म्हणजे बायबलच्या गोष्टीत मिसर (इजिप्त) देशात धान्याचा कारभार पाहणारा अधिकारी.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 41व्या अध्यायात, 34व्या वचनात हिस्सा स्पष्ट आहे: सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा भाग. दहा पोत्यांमागे दोन. 48व्या वचनात 'सर्व अन्न' असे शब्द येतात, घोळ बहुधा तिथूनच झाला असावा. आणि सुकाळ-दुष्काळ सांगणारं ते स्वप्न फारोचं, म्हणजे मिसरच्या राजाचं, मिसर देशाबद्दलचं. आपल्या शिवाराचं भाकीत त्यात नाही. दुष्काळ पडल्यावर योसेफाने कोठारं उघडली, हे 56व्या वचनात आहे. मेसेजवाल्याने नेमकं तेच गाळलं.

सोयाबीन अडवून तर नुकसानच होईल. त्याची साल पातळ, ओल राहिली की बुरशी धरते, थप्पी उंच झाली की खालच्या पोत्यातलं बियाणं दबून उगवण घटते. घरी ठेवायचीच तर खायची ज्वारी आणि तूर ठेवा. कडक उन्हात इतकी वाळवा की दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, मग सावलीत थंड करा. गरम धान्य कणगीत भरलं तर आत घाम सुटतो, सोंडे लागतात. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. बाकीचं पीक कर्ज, फी, दवाखाना बघून नेहमीसारखं विका.

तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल त्या ग्रुपवर हा खुलासा टाका. काही घरांनी विक्री थांबवलीय, त्यांना आजच फोन करा.