द्राक्षाची चालते, मोहाची नाही

मागच्या रविवारी पुण्याहून मेहुणे आले होते. नाशिकला आलं की काळाराम, सोमेश्वर आणि मग गंगापूर धरणाकडची वायनरी, हा ठरलेलाच बेत. तिथल्या मुलीने ग्लास कसा धरायचा, वास कसा घ्यायचा ते शिकवलं. मेहुण्यांना म्हणे पेरूचा वास आला. मला द्राक्षाचाच येत होता.

सोसायटीच्या बागेत काम करणारे काका पेठ तालुक्याकडचे. त्यांना हे सांगितलं तर हसले. "सर, आम्ही मोहाची फुलं आंबवली तर पोलीस मडकी फोडून जातात." त्यांच्या थोरल्या भावावर केस झाली होती. घरच्या लग्नाला, देवाला धार सोडायला काढलेली दारू. पेपरात आलं 'हातभट्टीवर छापा, रसायन नष्ट'.

मोहाची दारू काढणं हे पाप आहे म्हणून गुन्हा झालं, असं मला वाटायचं. तसं नाही. इंग्रजांनी १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आणला, तो तिजोरीसाठी. घरोघरी दारू निघाली तर ठेकेदाराची कोण घेणार? पुढे १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांवरच कायदा झाला. झाडाखाली पडलेल्या फुलांवर! १९४९ चा दारूबंदी कायदा आला तो नीतीच्या नावाने, पण मोहफुलांमागचा ससेमिरा तसाच. फुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरचे निर्बंध राज्य सरकारने उठवले २०२१ मध्ये. द्राक्षांना मात्र २००१ मध्येच वाइन धोरण मिळालं, अबकारी करात सवलतीसकट.

कुणी म्हणेल, वाइन नुसती आंबवलेली, मोहाची गाळलेली. बरं. मग व्हिस्की काय पाटावर वाटतात? दिंडोरीत त्याचा अख्खा कारखाना उभा आहे.

हातभट्टी निरागस आहे असं मी म्हणत नाही. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. आणि दारूपायी मार खाणाऱ्या बायकांनीच गावोगावी दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीला मतं देऊन दुकानं बंद पाडलीत. गुन्हा काय ते ज्याला झळ बसते त्याने ठरवावं, हे मला पटतं. पण पेठच्या त्या भावाला असं कुणी कधी विचारलं?

बाय द वे, महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, वाइनलासुद्धा. त्या रविवारी मेहुण्यांकडे नव्हता. माझ्याकडेही नव्हता. आणि हे मी इथे स्वतःच्या नावाने, फोटोसकट लिहितोय.