‘असो, लिहीत राहा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

‘उन्हाळ्यात मोठ्या शहरात जाताय? आधी पार्किंग बघा’ या, विमानतळावर गाडी ठेवून सहलीला निघणाऱ्यांसाठी लिहिलेल्या माझ्या लेखावर ‘वाटसरू’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको:

“पार्किंगपासून सहलीचं नियोजन सुरू करणारा माणूस शहर बघायला जातो की गाडी ठेवायला? टॅक्सी नावाचा प्रकार लेखकाला ठाऊक नसावा. टायरमध्ये ३२ बार हवा भरायला सांगणाऱ्याने लोकांना शिकवू नये. शहराबद्दल चार ओळी आणि बाकी सगळं बॅटरीपुराण. असो, लिहीत राहा.”

वाटसरू, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो. ‘असो, लिहीत राहा.’ परीक्षेत नापास झालेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं हे वाक्य आहे. मतभेद असतील तर मांडा, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण चार ओळी टोचून झाल्यावर पाचवीत आशीर्वाद देण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मी सहा वर्षं एका मोठ्या विमानतळाच्या लाँग-स्टे पार्किंगमध्ये, म्हणजे गाडी अनेक दिवस ठेवायच्या जागी, काम केलं आहे, आधी बूथवर आणि मग पार्किंगहून टर्मिनलला नेणाऱ्या बसच्या, म्हणजे शटलच्या, वेळापत्रकाच्या टेबलावर. मी लिहीत राहावं की नाही, हे तुमच्या परवानगीवर अवलंबून नाही.

एक चूक मान्य. लेखात ‘३२ बार’ असं छापलं गेलं, तिथे ‘३२ पीएसआय’ हवं होतं; दोन्ही हवेच्या दाबाची एककं. ३२ पीएसआय म्हणजे साधारण २.२ बार. ३२ बार हवा कुठल्याही मोटारीच्या टायरला सोसणार नाही आणि पंपावरचा माणूस ती भरूनही देणार नाही. चूक ती चूकच. पण त्याच परिच्छेदात हवा टायर थंड असताना मोजा, तापमान साडेपाच अंशांनी बदललं की दाब सुमारे १ पीएसआयने बदलतो, आणि भर दुपारी गाडी चालवून आल्यावर घेतलेला आकडा खरा धरू नका, हेही लिहिलं होतं. ते तुमच्या नजरेतून कसं सुटलं?

आता मुख्य वाक्य. ‘पार्किंगपासून नियोजन सुरू करणारा माणूस शहर बघायला जातो की गाडी ठेवायला?’ वाक्य चुरचुरीत आहे, चार जणांत टाळीही घेईल. पण मी पार्किंगपासून सुरुवात करा म्हणालो ते गाडीवरच्या प्रेमापोटी नाही. पार्किंग आधी न बघता काढलेलं तिकीट पुढे महागात पडतं, म्हणून.

बऱ्याच मोठ्या शहरांना एकाहून जास्त विमानतळ असतात. लंडनला सहा मोजतात, टोकियोला हानेदा आणि नारिता असे दोन. तिकीट शोधताना आपण शहराचं नाव टाकतो आणि यंत्र सगळे विमानतळ एकत्र करून सर्वांत स्वस्त जोडी पुढे करतं. गाडी ठेवून निघण्याचं तुमचं शहर असं असेल, तर जाताना एका विमानतळावरून उड्डाण आणि येताना दुसऱ्यावर उतरणं, असं तिकीट हातात पडू शकतं. गाडी एका टोकाला, तुम्ही दुसऱ्या टोकाला, रात्रीचे साडेअकरा, सोबत चार बॅगा. तिकिटावर वाचलेले पैसे तिथेच संपतात. विमानतळ एकच असला तरी टर्मिनल बदलू शकतं आणि प्रत्येक पार्किंगचं शटल प्रत्येक टर्मिनलला जातंच असं नाही.

दुसरं कारण दिवस मोजण्याच्या पद्धतीचं. काही पार्किंगवाले आत शिरल्यापासून चोवीस-चोवीस तासांचे तुकडे मोजतात, काही तारखा मोजतात. समजा, शनिवारी पहाटे ४ वाजता तुम्ही आत गेलात. पुढच्या शनिवारी रात्री ११.०५ ला विमान उतरलं. सामान घेऊन, शटल पकडून गाडीपाशी पोचून बाहेर पडेपर्यंत साडेबारा वाजले, म्हणजे रविवार लागला. चोवीस तासांच्या हिशेबात हे आठ दिवस, तारखांच्या हिशेबात नऊ. तेच विमान रात्री ९ ला उतरणारं घेतलं असतं तर तारखांच्या हिशेबातही आठच झाले असते. उलट त्याच शनिवारी पहाटे अडीचला उतरणारं विमान घेतलंत आणि पावणेचारला फाटकाबाहेर पडलात, तर चोवीस तासांच्या हिशेबात सात. सव्वाचार झाले की आठ. कुठलं विमान स्वस्त ते या बेरजेनंतर कळतं, आधी नाही. म्हणून आधी पार्किंग बघायचं आणि मग तिकीट. यात शहर कुठे हरवलं?

तिसरं कारण निघायच्या वेळेचं. हा हिशेब लेखात होता, तुम्ही बहुधा मागेपुढे बॅटरी दिसली म्हणून वगळलात. पुन्हा मांडतो. विमान सकाळी ७.१०. चेक-इन काउंटर साठ मिनिटं आधी बंद होत असेल तर ६.१०. सुट्टीतली रांग धरून टर्मिनलच्या दाराशी ५.१० ला उभं असलं पाहिजे. शटलचा प्रवास १२ मिनिटं, म्हणजे ४.५८. बस दर वीस मिनिटांनी. लोक इथे ‘सरासरी दहा मिनिटं’ धरतात आणि इथेच फसतात. थांब्यावर पोचताना नुकतीच बस गेली असेल तर पूर्ण वीस लागतात आणि समोर आलेली बस भरलेली असेल तर चाळीस. उन्हाळी सुट्टीत बस माणसांनी भरत नाही, बॅगांनी भरते. सामानाचे कप्पे संपले की मागच्या सीट रिकाम्या असूनही चालक दार लावून निघतो. म्हणून ४.१८. जागा शोधणं, सामान उतरवणं, गाडी लावलेल्या जागेचा क्रमांक लिहून घेणं याला पंधरा मिनिटं. फाटकापाशी ४ वाजता. ज्याने हे मोजलेलं नसतं तो पाच वाजता येतो आणि बूथवरच्या माणसावर ओरडतो.

त्याच ओघात एक बारीक गोष्ट, लेखात नव्हती ती. शटल पार्किंगमध्ये पाच-सहा थांबे घेत टर्मिनलकडे जातं. गर्दीच्या पहाटे शेवटच्या थांब्यावर उभ्या असलेल्यांना बस भरलेलीच मिळते. ती आत शिरून सर्वांत आधी जिथे थांबते त्या थांब्याजवळ गाडी लावा, जागा टर्मिनलपासून लांब वाटली तरी. फाटकावरच विचारलं तर सांगतात. परतीचं विमान रात्री उशिरा असेल तर शटल त्या वेळी ठरलेल्या अंतराने येतं की फोन केल्यावर, हेही जातानाच विचारून ठेवावं. रात्री दीडला थांब्यावरच्या पाटीवरचा नंबर वाचत बसण्यात मजा नाही.

आगाऊ बुकिंगबद्दल. गाडीचा नंबर टाकताना इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांची अदलाबदल सर्रास होते. फाटकावरचा कॅमेरा पाटी वाचतो, नंबर जुळत नाही आणि आडवा दांडा उठत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे उठतो, पण तुमची नोंद बिनबुकिंगची होते आणि बाहेर पडताना ऐनवेळचा दर लागतो. बुकिंगच्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा, इंटरनेट नसतानाही उघडेल असा. छपरावर सामानाची पेटी असेल तर उंची मोजा. बहुमजली पार्किंगची कमाल उंची बऱ्याचदा दोन मीटरच्या आसपास असते आणि फाटकावर लिहिलेली असते. १.७ मीटरची गाडी, वर पेटी बसवायच्या दहा सेंटीमीटर उंच पट्ट्या, त्यावर चाळीसची पेटी, झाले २.२. मागे रांग लागलेली असताना रॅम्पच्या तोंडावरून उलटं यावं लागतं.

किल्ली पार्किंगवाल्यांकडे देऊन जायची सोय घेणार असाल तर निघण्याआधी गाडीच्या चारही बाजूंचे आणि मीटरचे फोटो काढा. जुडग्यातून घराची किल्ली काढून घ्या. एवढं पुरे.

आता ‘बॅटरीपुराण’. शब्द छान आहे, मलाही हसू आलं. पण परतीच्या रात्री गाडी सुरू झाली नाही की हेच पुराण लोक उभ्याउभ्या ऐकतात. बंद गाडीही गजर, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ यांसाठी थोडा प्रवाह खात असते. ५० मिलिअँपिअर धरा. दिवसाला १.२ अँपिअर-तास, बारा दिवसांत १४.४. बॅटरीवर ४५ लिहिलं असलं तरी तीन उन्हाळे काढलेली बॅटरी प्रत्यक्षात ३५ च्या आसपास असू शकते. उरले वीस. गाडी सुरू होईल, कुरकुरत का होईना. आता त्यात डॅशकॅम, म्हणजे काचेवरचा कॅमेरा, घाला, पार्किंग मोडवर, म्हणजे गाडी बंद असतानाही चालू ठेवलेला, २५० मिलिअँपिअर खाणारा. दिवसाला सहा अँपिअर-तास वाढले. पाच दिवसांत खेळ खलास. त्यामुळे डॅशकॅमची वायर काढा, किंवा त्याचा कटऑफ, म्हणजे तो आपोआप बंद होण्याची पातळी, ११.८ ऐवजी १२.२ व्होल्टवर ठेवा. निघण्याआधी गाडी रात्रभर उभी राहिल्यावर व्होल्टेज बघा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. निम्मी असेल तर आधी चार्ज करा किंवा बदला. विमानतळापर्यंतच्या अर्ध्या तासाच्या ड्राइव्हने ती भरत नाही.

‘मग जंप स्टार्टर डिकीत ठेवा की’, असं तुम्ही म्हणायच्या आत सांगतो. जंप स्टार्टर म्हणजे बॅटरी बसलेली गाडी सुरू करून देणारी छोटी बॅटरी, आणि त्यात लिथियम असतं. बाहेर पस्तीस अंश असताना उन्हात बंद गाडीचं केबिन तासाभरात साठीच्या घरात जाऊ शकतं आणि डॅशबोर्ड त्याहून तापतो. तिथे लिथियम, लायटर, स्प्रेचे डबे, औषधं ठेवायची नाहीत. सोबत विमानात न्यावा म्हणाल, तर चेक-इन सामानात सुटी लिथियम बॅटरी चालत नाही. हातातल्या सामानात १०० वॉट-तासांपर्यंत चालते, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते. पॉवर बँकेलाही हेच लागू. २०,००० मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास, बिनधास्त न्या. तेव्हा जंप स्टार्टर घरी ठेवा आणि जंप देण्याची सोय कार्यालयात आहे का, ते फाटकावर विचारा. हे पुराण वाटत असेल तर वाटो.

हँडब्रेकचं एका ओळीत: सपाट जागा असेल आणि गाडी हाताने गिअर बदलायची असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक सोडा, कारण पावसात किंवा धुतल्यावर लगेच ओढून ठेवलेला ब्रेक गंजाने चिकटतो. उतारावर मात्र ओढायचाच.

टॅक्सी. लेखाचा विषय पार्किंग होता. पार्किंगचा खर्च दिवसागणिक वाढतो, टॅक्सीचा वाढत नाही, तेव्हा काही दिवसांनंतर टॅक्सी स्वस्त पडणार हे शाळकरी गणित आहे. ज्याला टॅक्सी करायची त्याने करावी, मी आडवा येत नाही.

शहराबद्दल चारच ओळी होत्या, बरोबर. त्या वाचल्यात का? दगड-डांबर दिवसभर तापून रात्री उष्णता सोडतं, त्यामुळे मोठ्या शहरात रात्रही निवत नाही, म्हणून छपराखालची वरच्या मजल्यावरची खोली एसी असल्याची खात्री केल्याशिवाय घेऊ नका. उघड्यावरची ठिकाणं अकराच्या आत, संग्रहालयं दुपारी. संग्रहालयाचा सुट्टीचा वार आधी बघा: बरीच सोमवारी बंद असतात, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. वेळ ठरवून मिळणारं तिकीट असेल तर पोचण्याच्या दिवशीचं घेऊ नका, विमान उशिरा आलं की ते वाया जातं. यात आणखी पाचवी ओळ कुठली हवी होती ते तुम्ही सांगितलेलं नाही. ‘कमी आहे’ म्हणायला काही लागत नाही.

लेखात ३२ पीएसआय अशी दुरुस्ती केली आहे. खाली ‘एका वाचकाने लक्षात आणून दिलं’ एवढंच लिहिलं आहे. नाव घातलेलं नाही, कारण तुम्ही ते दिलेलं नाही.