ड्राइव्ह ओरिजिनलच आहे, पण विचारण्यात चूक आमची झाली

नमस्कार दादा, तुमचा १ स्टारचा रिव्ह्यू काल दुपारी वाचला. सेकंदाला ७००० एमबीचा स्पीड सांगून एसएसडी (डेटा साठवायचा ड्राइव्ह) विकला आणि ३५०० च मिळतोय, लग्नाचं २०० जीबी फुटेज टाकताना अर्ध्यातच ३००-४०० वर येतोय, १ टीबी म्हणून ९३१ जीबीच दिसतंय, म्हणजे माल डुप्लिकेट, राजारामपुरीत या दुकानाची पायरी चढू नका, असं तुम्ही लिहिलंय. फसवणूक हा शब्द लई लागला, म्हणून सगळंच लिहितो.

आधी आमची चूक. आमच्या पोरानं तुम्हाला फक्त मदरबोर्ड विचारला, तुम्ही बी५५० सांगितलं, बी५५० वर जेन ४ (ड्राइव्ह जोडायच्या पीसीआयई वाटेची चौथी पिढी, जेन ३ च्या दुप्पट स्पीडची) चालतंय म्हणून त्यानं जेन ४ चा काढून दिला. प्रोसेसर विचारलाच नाही. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये रायझन ५ ५६००जी दिसतोय, आणि हा प्रोसेसर जेन ३ च देतो, बोर्ड कितीही चांगला असू दे. जेन ३ च्या चार लेनमधून (डेटा जायच्या वाटांमधून) कागदावर ३९०० एमबीच्या आसपास जातं, हातात साधारण ३५०० च पडतं. बोर्डावरचा दुसरा स्लॉट चिपसेटवरून (बोर्डावरच्याच वेगळ्या चिपवरून) येतो, तोही जेन ३ च, त्यामुळं जागा बदलून काही होणार नाही. काल रात्री शटर ओढल्यावर त्याच लॉटमधला एक ड्राइव्ह मी स्वतः बी५५० वर लावून बघितला, ५६००जी वर ३४९० आला, प्रोसेसर काढून जेन ४ देणारा साधा ५६०० बसवला, बाकी स्क्रूसुद्धा हलवला नाही, तर ६९०० च्या वर गेला. ड्राइव्ह खराच आहे दादा, सिरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून बघा.

आता मधेच स्पीड पडतो त्याचं. गुऱ्हाळावर ऊस आला की आधी अंगणात पटापट उतरवून घेतात, पण चरक त्याच्या चालीनंच फिरतो, अंगण भरलं की मागच्या गाड्या थांबणारच. यात पण तसंच हाय, ड्राइव्ह आलेला डेटा आधी एका सेलमध्ये (डेटा साठवायच्या बारक्या खणात) एकच बिट असा भराभर लिहून घेतो, ती जागा संपली की एका सेलमध्ये तीन-चार बिट बसवत बसायला लागतं आणि तिथं स्पीड कोसळतो. ड्राइव्ह जितका भरलेला तितकं हे अंगण लहान, आणि तुमचा तर भरत येऊन स्क्रीनवर जवळजवळ लाल झालाय. रोज एवढं फुटेज टाकणाऱ्याला आम्ही चार बिटवाला क्यूएलसी द्यायलाच नको होता, तीन बिटवाला टीएलसी द्यायला पाहिजे होता, ही दुसरी चूक, तीही आमचीच.

अजून एक, तुमचा फोटो मोठा करून बघितला तर हीटसिंकच्या पॅडवरची निळी प्लास्टिकची पट्टी तशीच आहे, कोपरा बाहेर आलाय. ती काढा आधी. ती असली की उष्णता वर जातच नाही, आणि तापला की ड्राइव्ह स्वतःच स्पीड कमी करतो.

९३१ चं मात्र कुठल्याही कंपनीचा घेतला तरी तेवढंच दिसणार, कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या, जागा कुणी खाल्लेली नाही.

तर या की दुकानात, मी स्वतः बसतोय. हाच ड्राइव्ह परत घेऊन जेन ३ चा टीएलसीवाला देतो आणि वरचे पैसे परत करतो, किंवा पुढं प्रोसेसर बदलायचा विचार असंल तर जेन ४ मधलाच टीएलसी देतो, फरक आम्ही सोसू. नाहीतर सगळे पैसे परत घ्या, बिल सापडलं नाही तरी चालंल, आमच्याकडं नोंद आहे. कालपासून काउंटरवर बोर्डासोबत प्रोसेसर आणि काम काय करता हे विचारल्याशिवाय असला फास्ट एसएसडी (एनव्हीएमई) द्यायचा नाही असं पोरांना सांगितलंय.

फक्त येताना त्या लग्नाच्या फुटेजची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा, लोकांचं लग्न परत शूट करता येत नाही. दुसरी डिस्क नसली तर कॉम्प्युटरचा अख्खा डबाच घेऊन या, इथं काढून देतो, त्याचे पैसे नाहीत.