नळी राहू द्या की ओ!

सोलापुरात नवा आयसीयू काढलात म्हणे. अभिनंदन! आता मानेतल्या मोठ्या शिरेत औषधांची नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, आणि मूत्राशयात लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, आलंच. त्यातून जंतूंना आत सुखरूप कसं पोचवायचं, ते तेवढं ऐकून घ्या.

हात धुण्यात वेळ दवडू नका. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले आणि सहकाऱ्यांनी त्यालाच वेड्यात काढलं. एवढी जुनी परंपरा आपण कशाला मोडायची?

लाइन टाकताना पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक कापडाने झाका म्हणतात. चादरींच्या गावात राहतो म्हणून काय झालं? मधे भोक असलेला एक छोटा होल टॉवेल बास. कातडीवरचे जंतू मारणारं क्लोरहेक्सिडीन लावल्यावर वाळेपर्यंत थांबूही नका. बाहेर ४२ अंश आहे, वाळतंय आपोआप. (आत एसी आहे, पण जाऊ द्या.)

लघवीच्या पिशवीचं काम वॉर्डबॉय मामांवर सोपवा. एकच प्लास्टिकचा मग घ्यायचा आणि पहिल्या बेडपासून शेवटच्या बेडपर्यंत सगळ्या पिशव्या त्यातच रिकाम्या करत जायचं, हातमोजेही तेच. सीटी स्कॅनला नेताना पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवायची, म्हणजे साचलेली लघवी नळीतून परत आत जाते. परत आणल्यावर फरशीवर टेकवून द्यायची. मावशी फिनाईलने पुसतातच की.

मुख्य गोष्ट म्हणजे नळी काढायची नाही. राउंडला एखादी सिस्टर विचारेल, "सर, पेशंट स्वतः उठून बाथरूमला जातोय, कॅथेटर काढू का?" तिला म्हणा, "राहू द्या की ओ, परत लागली तर?" अमेरिकेत मिशिगनच्या शंभरेक आयसीयूंनी असल्याच सिस्टरांचं ऐकलं. त्यांनी पाचच गोष्टी पाळल्या: हात धुणं, क्लोरहेक्सिडीन, पूर्ण झाकणं, जांघेतली लाइन टाळणं आणि गरज संपली की लाइन काढणं. चुकलं तर सिस्टरने डॉक्टरला जागीच थांबवायचं. तीन महिन्यांत किमान निम्म्या आयसीयूंत लाइनमुळे होणारा रक्तातला संसर्ग शून्यावर आला. २००६ साली छापूनही आलं. तिथल्या डॉक्टरांची काय इज्जत राहिली असेल!

आपल्याकडे हुडहुडी भरून ताप आला, की कोलिस्टिनची, म्हणजे शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायच्या अँटिबायोटिकची, चिठ्ठी लिहायची आणि नातेवाइकांना कॉरिडॉरमध्ये बोलावून झापायचं, "तुम्ही सारखे आत येऊन हात लावता, म्हणून इन्फेक्शन झालं." ते गप्प ऐकून घेतात. अक्कलकोटहून आणलेली अंगाऱ्याची पुडी त्यांच्या हातात असतेच.