ब्लरला अंतर कळत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही म्हणता, रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून संगणकावर चित्र बनवताना, मऊ कडेच्या सावलीसाठी दर पिक्सेलमागे दिव्याकडे १६ किरण सोडणं ही उधळपट्टी आहे. एकच किरण सोडून कडक, म्हणजे धारदार कडेची, सावली काढावी आणि तिच्यावर गाउसियन ब्लर (मधे दाट, कडांकडे विरळ होत जाणारा धूसरपणा) फिरवावा. बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि माझ्या चित्रांत दिसणारे दाणे, म्हणजे ठिपक्यांचा खरखरीतपणा, तोही येत नाही.

एका परिस्थितीत तुमचं जवळजवळ पूर्ण बरोबर आहे. दिवा, अडथळा आणि जमीन तिन्ही सपाट आणि एकमेकांना समांतर असतील, तर मऊ सावली म्हणजे कडक सावलीचा ब्लरच असतो. फक्त तो गाउसियन नसतो, दिव्याच्याच आकाराचा असतो: चौकोनी दिव्याचा चौकोनी, गोल दिव्याचा गोल.

पण अशी दृश्यं कितीशी असतात? उपच्छायेची (सावलीच्या अंधुक कडेची) रुंदी ढोबळमानाने अशी निघते: दिव्याची रुंदी गुणिले अडथळ्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर, भागिले दिव्यापासून अडथळ्यापर्यंतचं अंतर. दिवा ४० सेंमी रुंद आणि अडथळ्यापासून २०० सेंमी दूर आहे असं धरू. अडथळा जमिनीच्या १ सेंमी वर असेल, तर सावलीची कड २ मिमी रुंद. तोच ५० सेंमी वर असेल, तर १० सेंमी. आता एक काठी तिरकी टेकवून ठेवा. तिच्या एकाच सावलीत ही दोन्ही टोकं येतात. तिथे ब्लर किती रुंद ठेवणार? वरच्या टोकाला शोभेल इतका ठेवला, तर काठी जिथे टेकली आहे तिथली सावली विरघळते आणि काठी अधांतरी दिसते. वस्तू टेकली आहे की तरंगते आहे, हे डोळा बऱ्याच अंशी सावलीच्या कडेवरूनच ठरवतो. माझा सगळा आग्रह त्या टेकण्याच्या जागेसाठी आहे.

टर्नर व्हिटेड यांच्या १९८० च्या रे ट्रेसिंग पद्धतीत दिवा म्हणजे एक बिंदू होता, म्हणून सावल्या कडक. १९८४ मध्ये कुक, पोर्टर आणि कार्पेंटर यांनी किरण दिव्याच्या पूर्ण पृष्ठभागावर विखुरले. या बिंदूवरून दिव्याचा किती भाग दिसतो, असा प्रश्न तिथे प्रत्येक पिक्सेल विचारतो. साधा ब्लर हा प्रश्न विचारतच नाही. अंतर पाहून ब्लरची रुंदी बदलणारी युक्तीही आहे. शॅडो मॅपसाठी (दिव्याच्या जागेवरून मोजलेल्या अंतरांच्या नकाशासाठी) रँडीमा फर्नांडो यांनी ती २००५ मध्ये मांडली आणि गेममध्ये ती छान चालते. मात्र ती अडथळ्यांच्या अंतराची सरासरी घेते. वेगवेगळ्या उंचीवरच्या दोन वस्तूंच्या सावल्या एकमेकींवर पडल्या, की ती सरासरी दोघींपैकी कुणाचीच नसते.

आता दाणे. दिव्यावरचे बिंदू निव्वळ यादृच्छिक निवडले, तर दाणे निम्मे करायला किरण चौपट लागतात. म्हणून किरण वाढवण्याआधी ते नीट वाटून घ्यावेत. दिव्याचे ४×४ भाग करायचे आणि प्रत्येक भागात एक यादृच्छिक बिंदू घ्यायचा. तेवढ्याच १६ किरणांत कड कितीतरी स्वच्छ येते. सगळ्या पिक्सेलना तेच १६ बिंदू दिले तर दाणे जातात, पण कडेला पायऱ्या दिसू लागतात: एकावर एक सरकवून ठेवलेल्या १६ कडक सावल्या. मला त्यापेक्षा दाणे परवडतात, कारण दाणे डीनॉइझर (दाणे काढणारा फिल्टर) पुसू शकतो, पायऱ्या नाही.

खर्चही दिसतो तितका नाही. सावलीचा किरण कुठलाही अडथळा सापडताच थांबतो, सर्वांत जवळचा कोणता ते शोधत बसत नाही. शिवाय बरेच पिक्सेल एकतर पूर्ण उजेडात असतात किंवा पूर्ण प्रच्छायेत (गडद सावलीत). आधी ४ किरण सोडा, त्यांचं एकमत झालं नाही तरच उरलेले १२. बारीक तार चारही किरणांच्या तावडीतून सुटू शकते, म्हणून मी शेजारचे पिक्सेलही तपासतो.

डीनॉइझर हाही शेवटी ब्लरच, असं तुम्ही म्हणाल. आहेच. पण तो कॅमेऱ्यापासूनचं अंतर, पृष्ठभागाची दिशा आणि अडथळ्याचं अंतर पाहून किती पसरायचं ते ठरवतो, आणि असा ब्लर मला मान्य आहे. एक काळजी मात्र घ्या: आधी सापडलेल्या धडकेला थांबलेल्या किरणाचं अंतर सर्वांत जवळच्या अडथळ्याचं असेलच असं नाही. ते डीनॉइझरला द्यायचं असेल, तर त्या किरणांना सर्वांत जवळची धडक शोधू द्या. वेळ थोडा वाढेल, पण काठीच्या बुडाशी कड शाबूत राहील.