ॲम्पशिवाय व्हॅनमध्ये गाणं लागत नाही म्हणे!

ईको किंवा जुनी ओम्नी चालवणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. मजकूर थोडक्यात असा: डेकच्या (गाडीतल्या म्युझिक सिस्टिमच्या) आतल्या ॲम्पमध्ये, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये, दम नसतो, डेकवरचे ‘५० × ४ वॅट’ ही शुद्ध थाप आहे, बाहेरचा फोर-चॅनल (चार स्पीकरांचा) ॲम्प लावल्याशिवाय स्पीकर बदलणं आणि दारांना पत्र्याची थरथर दाबणारी शीट लावणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि कमी वॅटवर चांगला स्पीकर जळतो. पुढे ‘व्हॅनवाल्या मित्रांना पाठवा’. ॲक्सेसरीजच्या दुकानांतही हेच ऐकवतात. ऐकवणारच, ॲम्पबरोबर वायरिंग किट आणि मजुरीही विकली जाते.

आधी ५० वॅटची थाप. ती थाप आहे, हे खरंच. पण हा आकडा येतो कुठून ते पाहिलं की मेसेजचा पुढचा तर्क लंगडा पडतो. इंजिन चालू असताना डेकला जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट मिळतात. त्याचा वर्ग करा, स्पीकरच्या ४ ओहमने भागा, उत्तर ५१.८. म्हणजे ५० वॅट मिळतात ते आवाज पार फाटून सिग्नलची लाट चौकोनी झाल्यावर. स्वच्छ लाटेला त्याच्या निम्मे, म्हणजे २६ च्या आत. त्यातून चिपमधली गळती गेली की चॅनलमागे, म्हणजे एका स्पीकरमागे, १८ ते २० वॅट उरतात. भल्याभल्या डेकमध्ये टीडीए ७३८८, टीडीए ७८५० अशा जातीच्या चिप असतात आणि १४.४ व्होल्टचं कुंपण त्यांनाही ओलांडता येत नाही.

मग २० वॅट कमी आहेत का? बरा स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ९० डेसिबल देतो. २० वॅट दिले की त्यात १३ डेसिबलची भर पडते, म्हणजे १०३. हा एका स्पीकरचा हिशोब, आणि तोही पत्र्याच्या बंद खोक्यात बसून ऐकायचा. कान किटायला एवढं पुरतं. उलट ॲम्पवर खर्च करून खरेखुरे ५० वॅट आणलेत तर भर पडते अवघ्या ४ डेसिबलची, कारण वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच चढतो. कानाला ‘डबल’ वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. हे गणित मेसेजमध्ये कधीच नसतं.

तेच ४ डेसिबल दुसऱ्या वाटेनेही मिळतात, आणि तिथेच ‘स्पीकर बदलून काही होत नाही’ हा मुद्दा कोसळतो. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (१ वॅटवर १ मीटरवर ८८ डेसिबल देणारा) स्पीकर काढून ९२ चा बसवला की त्याच डेकवर, त्याच २० वॅटवर आवाज ४ डेसिबलने वाढतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले ‘३५० वॅट मॅक्स’ विसरा. तो स्पीकर किती मार खाईल याचा आकडा आहे, तोही फुगवलेला. किती आवाज देईल ते त्यावरून कळत नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सेन्सिटिव्हिटी असते ती वाचा. तिथेही मखलाशी चालते: काही कंपन्या ती २.८३ व्होल्टवर मोजतात. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट झाले, म्हणजे आकडा ३ डेसिबलने आपोआप चढला. ‘१ वॅट, १ मीटर’ लिहिलं असेल तोच आकडा दुसऱ्याशी ताडून बघण्याजोगा.

आता दारांची शीट ‘पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्यांकडे वळू, कारण व्हॅनचं खरं दुखणं इथेच आहे. मध्यम आवाजात तबल्याचं काहीतरी लावा आणि डग्गा ऐका. घुमायच्या जागी नुसता फट् करत असेल तर दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या पॅडवर तळहात दाबून धरा. फरक पडला तर तुमचा स्पीकर दार वाजवतोय, गाणं नाही. पॅड उघडलं की बहुतेकदा दिसतं ते असं: स्पीकर प्लास्टिकच्या पॅडला दोन स्क्रूंवर लटकलेला, मागे बोटभर फट, आणि आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तेवढीच ओढतो. दोन्ही हवा त्या फटीतून एकमेकींना भेटल्या की बास, म्हणजे खालचे जाड सूर, तिथेच संपला. अशा दारात ॲम्पचे १०० वॅट ओतले तरी पत्रा तेवढा जास्त खडखडेल.

यावर उपाय सुताराकडून होतो. १२ ते १८ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायची रिंग कापून घ्यायची, तिला रंगाचे दोन हात द्यायचे आणि ती थेट पत्र्याला आवळायची. एमडीएफची रिंग दुकानात तयार मिळते, पण कोकणातल्या एका पावसाळ्यात ती पोह्यासारखी फुगते. रिंग आणि पॅड यांच्यात फोमची पट्टी. आतल्या पत्र्याची मोठी भोकं ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावून ब्यूटाइल (चिकट रबरी) शीटने बंद. बाहेरच्या पत्र्यावर शीट सगळीकडे चोपडायची गरज नाही. टकटक करून जिथे डब्यासारखा वाजतो तो मधला पाव भाग झाकला तरी त्याची थरथर बसते. स्वस्तातली डांबराची शीट मात्र नको. विदर्भातल्या मे महिन्यात ती वास मारते आणि खाली घसरते. भोक पाडण्यापूर्वी काच पूर्ण खाली करून बघा, नाहीतर ती मॅग्नेटवर आपटेल. आणि दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं कुणालाही बुजवू देऊ नका. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी आत उतरतंच. ते अडलं की दार आतून सडलं म्हणून समजा.

याहून स्वस्त, म्हणजे फुकटची तपासणी आणखी एक आहे. चारपैकी एखाद्या स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागलेले असणं हे इतकं सर्रास आढळतं की मी कुणाचीही व्हॅन ऐकताना आधी बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेतो. एक बाजू बंद झाल्यावर बास वाढला तर उलटी वायर आहेच. कुठली ते शोधायला डेकमागचं सॉकेट काढून स्पीकरच्या दोन वायरींना १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवायचा. सेलचं प्लस वायरीच्या प्लसला असेल तर पडदा बाहेर यायला हवा. आत गेला तर वायरी बदला. जुन्या ओम्नीत आणखी एक भानगड असते. त्या काळच्या टेपसाठी स्पीकरचे मायनस एकत्र करून बॉडीला जोडलेले सापडतात. आजच्या डेकला ते चालत नाही. डेक प्रोटेक्शनमध्ये जाऊन बसतो (स्वतःला वाचवायला बंद पडतो) किंवा चिपच जाते, आणि मग ‘डेकमध्ये दम नव्हता’ असं म्हणायला लोक मोकळे.

‘कमी वॅटवर स्पीकर जळतो’ या वाक्यात सत्य चिमूटभर आहे. कमी वॅटने स्पीकरला काही होत नाही, नाहीतर हळू आवाजात ऐकणाऱ्या प्रत्येकाचा जळाला असता. जाळतो तो फाटलेला आवाज, आणि पहिला बळी ट्विटरचा, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरचा जातो. आवाज फाटतो कशाने? व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली. घाटात दुसऱ्या गिअरला त्याची गुरगुर नेमकी बास गिळते, म्हणून माणूस लाउडनेस (बास फुगवणारं बटण) चालू करतो आणि बास दहा डेसिबलने चढवतो. दहा डेसिबल म्हणजे दहापट वॅट, हे वर आलंच आहे. २० वॅटचा डेक तिथे गुडघे टेकणारच. त्याऐवजी लाउडनेस बंद करा, डेकमध्ये एचपीएफ (खालचे सूर अडवणारा फिल्टर) असेल तर ८० हर्ट्झवर ठेवा, डॅशबोर्डमधल्या चार इंची स्पीकरना १०० ते १२० वर. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट धावावं लागतं. ती धावपळ वाचली की तेच स्पीकर मोकळे वाजतात. सीटखालच्या इंजिनाच्या झाकणाचं रबर सुटलंय का तेही एकदा सीट उचलून बघा. गोंगाट कमी झाला की डेक तेवढा कमी चढवावा लागतो.

बाकीचे सल्ले किरकोळ. जाड स्पीकर-वायरने २० वॅटवर अर्धा डेसिबलही पदरात पडत नाही. एका चॅनलला दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात आणि ४ ओहमसाठी बनवलेला डेक तापतो. ‘ॲम्प नको तर अंडरसीट वूफर घ्या’ हा तर विनोदच, त्याच्या पोटात ॲम्पच असतो. शिवाय व्हॅनच्या पुढच्या सीटखाली तो कुठे ठेवणार, तिथे इंजिन आहे.

एका बाबतीत मेसेजवाले बरोबर आहेत. छातीत धडधडणारा ४० हर्ट्झचा बास हवा असेल, दहा इंची सबवूफर (फक्त बाससाठीचा स्पीकर) लावायचा असेल, तर तो डेकच्या चिपने हलत नाही. तिथे ॲम्प घ्याच. त्याचा प्लस थेट बॅटरीवरून आणायचा, सिगारेट लायटरच्या वायरीवरून नाही, आणि फ्यूज ॲम्पजवळ न लावता बॅटरीपासून हातभराच्या आत लावायचा, म्हणजे मधली वायर कुठे घासून पत्र्याला लागली तरी गाडी पेटणार नाही.