क्रेडिट कार्डे किती आणि कर्ज देणाऱ्या संस्था किती: ही मर्यादा आपली आपणच आखायला हवी

गटातून छोटे कर्ज घेणाऱ्या महिलेने एकाच वेळी किती संस्थांचे कर्ज अंगावर घ्यावे, याला आपल्या देशात मर्यादा आहे. २०१० साली आंध्र प्रदेशात एकेका कुटुंबाला अनेक सूक्ष्म वित्त संस्थांनी कर्जे दिली आणि वसुलीचे मोठे संकट उभे राहिले. त्यानंतर मालेगाम समितीने एका कर्जदाराला दोनपेक्षा अधिक सूक्ष्म वित्त संस्थांनी कर्ज देऊ नये अशी शिफारस केली आणि रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये ती नियमात आणली. २०२२ च्या नव्या चौकटीत संस्थांच्या संख्येची अट गेली आणि तिच्या जागी कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक रक्कम कर्जफेडीत जाता कामा नये अशी अट आली. पुढे थकबाकी पुन्हा वाढू लागली, तेव्हा या क्षेत्रातल्या संस्थांच्या स्वयंनियामक संघटनेने २०२४ मध्ये आधी चार आणि नंतर तीन संस्थांची मर्यादा आपल्या सदस्यांना घालून दिली.

दरमहा पगार घेणाऱ्या आणि सिबिल स्कोअर चांगला असलेल्या माणसाला मात्र अशी कोणतीही मर्यादा नाही. तो कितीही बँकांची कार्डे घेऊ शकतो, त्यावर वैयक्तिक कर्ज घेऊ शकतो आणि त्याच्याही वर मोबाइलचा किंवा फ्रिजचा हप्ता बांधून घेऊ शकतो. त्याची परतफेड जितकी वेळेवर, तितके नव्या कर्जाचे फोन अधिक. ज्या धोक्यापासून गरीब कर्जदाराला वाचवण्यासाठी नियम करावा लागला, तो धोका मध्यमवर्गीय कर्जदाराला नाही असे मानण्याला मला काही आधार दिसत नाही. म्हणून किती कार्डे आणि किती संस्था ठेवायच्या, हे प्रत्येकाने शांतपणे ठरवून लिहून ठेवावे, आणि नवा प्रस्ताव समोर आल्यावर तो आकडा बदलू नये, असे माझे ठाम मत आहे.

माझा स्वतःचा आकडा आधीच सांगतो. दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डे आणि घरासारख्या तारण असलेल्या मोठ्या कर्जासाठी एक संस्था. सगळ्या मिळून तीनपेक्षा अधिक ठिकाणी एकाच वेळी देणे असू नये. घराचे कर्ज कार्ड असलेल्याच एखाद्या बँकेत असेल, तर संस्था दोनच होतात आणि ते अधिक सोपे.

मी कार्डांपेक्षा संस्था मोजतो, याला कारण आहे. एकाच बँकेच्या दोन कार्डांना बहुतेक वेळा मिळून एकच पतमर्यादा असते. त्या बँकेची यंत्रणा बंद पडली किंवा तिने काही संशयावरून खाते रोखले, तर दोन्ही कार्डे एकदमच थांबण्याची शक्यता असते. म्हणजे अडचणीच्या वेळी हाताशी असावे म्हणून घेतलेले दुसरे कार्ड नेमक्या त्याच वेळी निरुपयोगी ठरते. उलट प्रत्येक नवी संस्था म्हणजे एक नवी देय तारीख, शुल्काचे नवे नियम, तक्रारीची नवी खिडकी आणि वेळ आलीच तर वसुलीसाठी फोन करणारी नवी माणसे. दुसरे कार्ड घ्यायचे तर ते दुसऱ्या बँकेचे घ्यावे आणि शक्य असल्यास दुसऱ्या नेटवर्कचे, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांपैकी वेगळ्याचे, घ्यावे. मोठ्या कार्डदात्यांनी ग्राहकाला नेटवर्क निवडू द्यावे असा रिझर्व्ह बँकेचा आदेश सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. एक कार्ड रुपेचे असेल तर ते यूपीआयला जोडता येते, हा त्यातला एक व्यावहारिक फायदा.

मग एकच कार्ड आणि तेही पगाराच्या बँकेचेच का नको, असे काही जण विचारतात. कार्डाची रक्कम थकली तर ती त्याच बँकेतल्या आपल्या खात्यातून वळती करून घेण्याचा हक्क बँका करारात राखून ठेवतात. काही वाद असेल, रक्कम चुकीची लागली असेल, तरी ज्या खात्यातून घरखर्च चालतो त्यालाच हात लागण्याची भीती राहते. पगाराचे खाते आणि निदान एक कार्ड वेगवेगळ्या बँकांत असणे मला म्हणूनच आवश्यक वाटते.

आता वरच्या टोकाची मर्यादा. पाच-सहा कार्डे बाळगणारे पुष्कळ लोक शिस्तीचे असतात, सगळी बिले पूर्ण भरतात आणि सवलतींचा हिशेबही नीट ठेवतात, हे मला मान्य आहे. परंतु संख्या चांगल्या महिन्यावरून ठरवू नये. नोकरी गेली आहे किंवा घरात कोणी रुग्णालयात आहे, अशा महिन्यात किती देय तारखा लक्षात राहतील आणि किती बिले पूर्ण भरता येतील, त्यावरून ती ठरवावी. अशा महिन्यात पाच कार्डांवरची किमान देय रक्कम फार फसवी असते. साधारणपणे ती थकबाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे भरून निभावल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात महिन्याला साडेतीन टक्के दर धरला तर वर्षाचे व्याज ४२ टक्के होते, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळवला तर बोजा साडेएकोणपन्नास टक्क्यांवर जातो. शिवाय मागचे बिल पूर्ण भरलेले नसेल तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज लागू होते. एका कार्डावर हे घडले तर माणूस सावध होतो. पाच कार्डांवर ते विभागून घडले तर एकूण बेरीज कुठल्याच एका बिलावर छापून येत नाही. मला सगळ्यात मोठा धोका याच गोष्टीत दिसतो.

या दराला वरची मर्यादा असेल, या भरवशावरही कोणी राहू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावरचे ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

अधिक कार्डांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो चुकीचा नाही. कार्डे वाढली की एकूण पतमर्यादा वाढते, त्यामुळे तिच्या तुलनेत वापर कमी दिसतो आणि स्कोअर सुधारतो. मात्र हाच परिणाम आहे त्या कार्डाची मर्यादा वाढवूनही साधतो. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला मर्यादा वाढवता येत नाही, परंतु तुम्ही मागू मात्र शकता. याउलट प्रत्येक नव्या अर्जाची चौकशी पत-अहवालात नोंदली जाते, आणि थोड्या दिवसांत अनेक अर्ज केले तर हा माणूस पैशांसाठी अडला आहे असा अर्थ काढला जातो. ही माहितीही आता लवकर पोहोचते, कारण संस्थांनी किमान दर पंधरा दिवसांनी सिबिलसारख्या पत-माहिती कंपन्यांकडे नोंदी पाठवाव्यात असा नियम २०२५ च्या सुरुवातीपासून लागू झाला. गृहकर्ज घेण्याच्या आधीचे काही महिने तरी नवे कार्ड घेऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगतो.

फसवणुकीच्या बाजूने पाहिले तरी संख्या आवरतीच असावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर काहीही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवस लागले तर काही रक्कम त्याच्या अंगावर येऊ शकते. कपाटात पडून असलेल्या चौथ्या कार्डाचे संदेश तुम्ही तीन दिवसांत वाचता का? ते कार्ड जुन्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले असेल, तर संदेश येणारच नाही.

संख्या मोजायला बसल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे आपल्याला आपल्याच सगळ्या देण्यांची आठवण नसते. दुकानात बिनव्याजी म्हणून घेतलेला हप्ता हे बहुतेक वेळा एखाद्या वित्त कंपनीचे स्वतंत्र कर्जखाते असते. आत्ता घ्या, नंतर भरा असे सांगणाऱ्या मोबाइल ॲपमागेही एखादी बँक किंवा वित्त कंपनी असते. नोकरदारांच्या पतसंस्थेचे कर्ज पगारातून परस्पर कापले जाते, म्हणून ते कर्ज वाटतच नाही. सर्वांत अधिक विसरले जाते ते जामीनपत्र. सहकाऱ्यासाठी केलेली ती एक सही आपण मैत्रीच्या खात्यात टाकतो, परंतु भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कोणाला जामीन राहिला असाल, तर ती संस्था माझ्या हिशेबाने तुमच्या तीनमध्ये धरली पाहिजे. ती पटकन बाजूला काढता येत नाही, त्यामुळे सही करण्याआधीच ती मोजावी.

हे सगळे तपासण्याची सोय विनामूल्य आहे. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार पत-माहिती कंपन्यांपैकी प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत दिला पाहिजे. वर्षाच्या चार तिमाह्यांत एकेकीचा मागवला, तर सारे वर्ष नजर राहते.

इथे घरातल्या स्त्रियांबद्दलही सांगायला हवे. पुष्कळ घरांत पतीच्या नावावर तीन-चार कार्डे असतात आणि पत्नीकडे त्यांतल्याच एखाद्याचे पुरवणी कार्ड असते. त्या पुरवणी कार्डाची सारी जबाबदारी मुख्य कार्डधारकाची असते आणि त्याच्या वापरातून पत्नीची स्वतःची पत साधारणपणे उभी राहत नाही. पुढे तिला स्वतःच्या नावाने कर्ज लागले, तर तिच्या वेळेवर भरलेल्या बिलांचा पुरावा कुठेच नसतो. पतीच्या नावावर तिसरे कार्ड घेण्यापेक्षा पत्नीच्या उत्पन्नावर, आणि तिचे उत्पन्न नसेल तर मुदतठेवीच्या तारणावर, तिच्या स्वतःच्या नावाचे एक कार्ड घेणे मला कितीतरी योग्य वाटते. कुटुंबाची एकूण संख्या तीच राहते, आणि दोघांपैकी एकाला काही झाले तर दुसऱ्याचे कार्ड चालू असते.

ज्यांच्याकडे आज अधिक कार्डे आहेत, त्यांनी आधी थकबाकी असलेली कार्डे फेडावीत, सर्वाधिक व्याजाचे प्रथम. त्यानंतर बंद करताना वार्षिक शुल्क असलेली आणि न वापरलेली कार्डे आधी निवडावीत, आणि सर्वांत जुने कार्ड फार शुल्क लावत नसेल तर ते राहू द्यावे. कार्ड कापून फेकले म्हणजे खाते बंद होत नाही. त्यासाठी बँकेकडे लेखी किंवा ॲपवरून विनंती करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, काही देणे बाकी नसेल तर बँकेने विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद केले पाहिजे, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी ५०० रुपये ग्राहकाला दिले पाहिजेत. विनंतीची पोच, खाते बंद झाल्याचा संदेश आणि देणे नसल्याचा दाखला जपून ठेवावा. साठलेले गुण आधी वापरून घ्यावेत आणि त्या कार्डावरून आपोआप जाणारी वीजबिले, विमा हप्ते व वर्गण्या दुसरीकडे वळवाव्यात, कारण त्यांतलीच एखादी रक्कम नंतर येऊन खाते पुन्हा थकीत दिसू लागते.

महिन्या-दीड महिन्याने अहवाल पुन्हा पाहावा. बंद केलेले कार्ड तिथे अजून चालू दिसत असेल, तर बँकेकडे किंवा पत-माहिती कंपनीकडे तक्रार नोंदवावी. तक्रारीनंतर तीस दिवसांत निराकरण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद २०२४ पासून लागू आहे. त्यासाठी तक्रारीची तारीख आणि क्रमांक आपल्याकडे लिहिलेला असला पाहिजे.